अहवाल निरंक आहे

शाळेच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक एका मंगळवारी व्हरांड्यात पाय घसरून पडले आणि त्यांच्या उजव्या पायाचे हाड दोन ठिकाणी मोडले. त्या वेळी ते व्हरांड्यातून पळणाऱ्या एका मुलीला, व्हरांड्यात पळू नये हे सांगण्यासाठी, तिच्यामागे पळत होते. मुलीला काही झाले नाही. हाड जुळायला दहा आठवडे लागतील असे डॉक्टरांनी सांगितले आणि शाळेपुढे हंगामी प्रशिक्षकाचा प्रश्न उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तो प्रश्न आदेशाच्या रूपाने माझ्या टेबलावर येऊन पडला.

मी या शाळेत एकोणीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवते. माझी उंची पाच फूट आहे, तीही सकाळी मोजली तर. चेंडूशी माझा संबंध तो गच्चीवरून सोडल्यास किती सेकंदांत जमिनीवर येतो, एवढ्यापुरताच. आपली निवड नजरचुकीने झाली असावी असे वाटून मी मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांकडे गेले. त्यांनी फाइल उघडली.

"मागच्या वर्षी बास्केटबॉलच्या रिंगला तुम्ही काय लटकवलं होतं?"

"लंबक. नववीच्या प्रयोगासाठी. प्रयोगशाळेच्या छताला हुक नव्हता."

"म्हणजे बास्केटबॉलशी पूर्वीचा संबंध आहे."

"बाई, मला त्या खेळाचे नियमसुद्धा माहीत नाहीत."

"ते चांगलंच आहे. आदेश नीट वाचा."

मी वाचला. प्रस्तुत शिक्षिकेने पुढील आदेशापर्यंत संघात शिस्त राखावी. खेळ हा कायम प्रशिक्षकांच्या कक्षेतील विषय असल्यामुळे हंगामी प्रशिक्षकाने त्यात हस्तक्षेप करू नये. दर शनिवारी दुपारी एक वाजेपर्यंत सोबतच्या नमुन्यात शिस्तीचा अहवाल सादर करावा.

खरे सांगायचे तर मला हायसे वाटले. बास्केटबॉलमधून खेळ वजा केल्यावर जे उरते ते आपल्याला जमेल, असा माझा अंदाज होता. ते जमले. या हकिगतीत अडचण आहे ती एवढीच.

आमचे कोर्ट शाळेच्या मागच्या बाजूला आहे. खाली सिमेंट, वर पत्रा, तीन बाजूंना भिंती आणि चौथी बाजू मैदानाकडे उघडी. पहिल्या दिवशी तिथे बारा मुली आणि सहा चेंडू एकाच वेळी हलत होते. मी शिट्टी फुंकली. फक्त हवा आली.

"मॅडम, उलटी धरलीत," एक बुटकी मुलगी म्हणाली. तिला सगळे वकील म्हणत. ती मैदानात वेगाने पळे आणि मैदानाबाहेर वेगाने बोले.

"मावशी, दे इकडे, मी दाखवते," असे म्हणत कर्णधार पुढे आली. ती पंधरा वर्षांची आणि जवळजवळ सहा फुटांची. तिला खांब म्हणत, आणि ती माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. बाकीच्या अकरा जणी तोंडावर हात ठेवून हसल्या. मी तिथल्या तिथे पहिला नियम जाहीर केला, की कोर्टवर नाती चालणार नाहीत.

"हो मावशी," खांब म्हणाली.

मी आखीव कागदांची वही आणि प्रयोगशाळेतले सेकंद मोजायचे घड्याळ घेऊन रोज कडेच्या बाकावर बसू लागले. नमुन्यात मधोमध एकच मोठा रकाना होता, 'आठवड्यातील शिस्तभंगाच्या घटना'. आठवडाभर मी प्रामाणिकपणे मोजले. उशिरा येणे एकोणीस, नाडी सुटलेली असणे सात, आरडाओरडा अकरा, नात्याने हाक मारणे चार. शनिवारी मी रकान्यात एक्केचाळीस लिहिले आणि मागे तक्ता जोडला.

सोमवारी मोठ्या बाईंनी बोलावले. अहवाल त्यांच्यापुढे होता आणि त्यावर त्यांनी पाण्याचा ग्लास ठेवला होता, जणू तो उडून कुणा दुसऱ्याच्या हाती लागला असता.

"हे एक्केचाळीस काय आहे?"

"घटना. वेळांसह तक्ता जोडलाय."

"तक्ता पाहिला. तुमच्या आधी सरांनी बारा वर्षं हाच नमुना भरला. त्यात काय असायचं, माहितीये?"

"नाही."

"निरंक."

ज्यांचा कार्यालयांशी संबंध आला नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगते. रकान्यात लिहिण्यासारखे काही नसले की तिथे शून्य काढत नाहीत, कारण शून्याआधी कोणी एखादा आकडा घालू शकते. म्हणून अक्षरांत 'निरंक' लिहितात. विज्ञानात शून्य मोजून मिळते. निरंक न मोजता मिळते. हा फरक मला तेव्हा ठाऊक नव्हता.

"सर बघायचेच नाहीत का?" मी विचारले.

"बघायचे की. लिहायचे नाहीत. तुम्ही लिहिलंत. आता हे वर गेलं की वरून विचारणा येणार, एक्केचाळीस का म्हणून. मी काय सांगू, मोजायला भौतिकशास्त्राच्या बाई बसवल्या?"

"मग पुढच्या आठवड्यात काय करू?"

"शिस्त राखा आणि निरंक लिहा. त्यातलं आधी काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा."

दुसरी कोणी असती तर तिने शनिवारी शांतपणे तो शब्द लिहिला असता आणि बारा मुली खेळत राहिल्या असत्या. माझ्यात एक दोष आहे. मला खोटी नोंद करता येत नाही. प्रयोगात मुलांचे उत्तर चुकीचे आले तरी मी त्यांना तेच लिहायला लावते आणि खाली कारण विचारते. त्यामुळे निरंक लिहायचे तर ते खरोखर निरंक करणे, हा एकच मार्ग माझ्यापुढे उरला. खोटे न बोलणारी माणसे किती नुकसान करू शकतात, याचा कोणीतरी अभ्यास करायला हवा. नमुना म्हणून मी उपलब्ध आहे.

मी कारणांच्या मागे लागले. उशीर सोपा निघाला. सरावाची वेळ पंधरा मिनिटांनी पुढे ढकलली, सगळ्या वेळेवर आल्या. नाड्यांना दुहेरी गाठ. आरडाओरडा मात्र हटेना. मी प्रत्येक ओरडण्याच्या आधी काय घडले ते लिहून पाहिले. चेंडू मिळाला की ओरडत, चेंडू मिळाला नाही की ओरडत, चेंडू दुसरीला मिळाला की दोघी ओरडत. तिन्ही नोंदींत समान घटक एकच होता. शिवाय ध्वनिमापक लावून पाहिला तेव्हा चेंडूचा एक टप्पा ऐंशी डेसिबल भरला, म्हणजे चेंडू स्वतःसुद्धा शिस्तीत नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात मी रीतसर तुलना केली. सोमवार ते बुधवार चेंडूसह, गुरुवार ते शनिवार चेंडूविना. पहिल्या तीन दिवसांत नऊ घटना, नंतरच्या तीन दिवसांत एकही नाही. इतका स्वच्छ निष्कर्ष मला एकोणीस वर्षांत मिळाला नव्हता. मला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही.

सहाही चेंडू मी आमच्या शिपाईमामांकडे दिले. मामांनी ते विज्ञानाच्या कपाटात ठेवले आणि वहीत नोंद केली, 'गोल वस्तू, नग सहा'.

"परत कधी द्यायच्या?" मामांनी विचारले. "काहीतरी लिहून द्या. नाहीतर उद्या कोणीही येईल आणि माझं आहे म्हणेल."

मी लिहून दिले. एका वाचनावरून निष्कर्ष काढू नये, निदान चार वाचने सलग जुळली पाहिजेत, हे मी मुलांना नेहमी सांगते. म्हणून अट घातली, की सलग चार अहवाल निरंक गेल्यावर चेंडू परत द्यावेत. मोठ्या बाईंनी त्यावर सही केली. त्या कागदाचे अक्षर माझे आहे, हे नंतर पुष्कळ वेळा मला दाखवण्यात आले.

चेंडू गेल्यावर सरावात धावणे, उड्या मारणे आणि एकमेकींना पास देण्याचा अभिनय एवढे उरले. त्यातही मला घटना दिसू लागल्या, कारण आता माझे लक्ष विचलित करणारे काही नव्हते. शाळेच्या दैनंदिनीत नियम आहे, 'इमारतीत पळू नये'. मी तो वाचून दाखवला.

"मॅडम, कोर्टला तीनच भिंती आहेत," वकील म्हणाली. "तीन भिंतींची इमारत असते का?"

"छप्पर आहे."

"छप्पर छत्रीलाही असतं."

मुद्द्यात तथ्य होते, म्हणून मी तो लेखी स्वरूपात वर पाठवला. दोन दिवसांत अभिप्राय आला, 'खबरदारी म्हणून इमारत समजावी'. त्या दिवसापासून मुली चालू लागल्या. मग चौदावा नियम निघाला, 'दुसऱ्याच्या हातातील वस्तू हिसकावून घेऊ नये'. वकिलीणबाईंनी त्यावरही हरकत घेतली. सामना सुरू होताना पंच चेंडू वर उडवतात, तेव्हा तो कुणाच्याच हातात नसतो, मग तो घेणे हे हिसकावणे कसे? ही हरकत मी मान्य केली आणि उडीपुरती सूट लेखी दिली. न्याय हा दोन्ही बाजूंनी झाला पाहिजे.

तिसऱ्या शनिवारी मी रकान्यात 'निरंक' लिहिले. ते खरे होते. मी तो शब्द दोनदा वाचला. चौथ्या शनिवारीही ते खरे होते. मोठ्या बाईंनी अहवालावरचा ग्लास उचलून तो कागद सूचनाफलकावर लावला.

त्याच संध्याकाळी मी सरांना भेटायला गेले. इतर सरांना शाळेत नाव लावून हाक मारतात, आमच्या प्रशिक्षकांना मात्र नुसते सर. ते खिडकीजवळ प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून बसले होते. मी त्यांना तक्ते दाखवले. त्यांनी ते सावकाश पाहिले.

"मॅडम, चेंडू कुठाय?"

"कपाटात. आणखी दोन आठवडे."

"दोन आठवड्यांनी सामना आहे."

"त्याच शनिवारी चौथा अहवाल जातो. म्हणजे सामन्यानंतर लगेच चेंडू मिळतील."

सरांनी पाय जरा हलवला आणि तोंड वाकडे केले. ते पायामुळे असावे, असे मी समजले.

"मी बारा वर्षं निरंक का लिहिलं, सांगू? त्या रकान्यात खरं लिहिलं की कोणीतरी वाचतं. वाचलं की काहीतरी करतं. मुली ओरडतात, भांडतात, एकमेकींच्या पायावर पाय देतात. त्यातून खेळ होतो. ते कागदावर गेलं की संपलं."

"पण मग ते खोटं झालं ना, सर?"

"झालं. मी घेतलं माझ्या अंगावर." मग आवाज उतरवून म्हणाले, "या सामन्याला निवासी क्रीडाशाळेच्या निवड समितीच्या बाई येतात. वर्षातून एकदाच. बारा वर्षांत मी त्यांना एकही मुलगी दाखवली नाही, कारण दाखवण्यासारखी नव्हती. यंदा आहे. पुढच्या वर्षी खांबचं वय बसणार नाही. तिला खेळू द्या."

"सर, खेळ माझ्या कक्षेत येत नाही," मी म्हणाले. हे वाक्य मी तेव्हा नम्रतेने म्हटले होते. आता आठवले की मला माझीच शिट्टी आठवते, उलटी धरलेली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, खांब नेहमीप्रमाणे गणिते घेऊन माझ्याकडे आली. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसते, कारण तिचे पाय फक्त त्याच टेबलाखाली मावतात. मी सोडवून देत होते आणि टेबलाखालून थप थप असा बारीक आवाज येत होता. वाकून पाहिले तर मोज्यांचा गोळा करून ती तो जमिनीवर आपटत होती. गोळा उसळत नव्हता. ती प्रत्येक वेळी वाकून उचलत होती.

"इथे तरी मावशी म्हणू ना?"

"इथे म्हण."

"मग मावशी, मला चेंडू दे."

"दोन आठवडे गं. दोन अहवाल राहिलेत."

"हाताला विसरायला होतं. तुला नाही कळायचं. म्हणजे बघ, तू महिनाभर फळ्यावर लिहिलंच नाहीस, तर?"

"मी नियम केलाय. तोही स्वतः लिहून. तुझ्यासाठी मोडला तर लोक म्हणतील, भाची म्हणून मोडला."

"आणि भाची नसते तर मोडला असतास?"

मी थोडा विचार करून खरे उत्तर दिले. "नाही."

"मग भाची असून उपयोग काय?" ती म्हणाली आणि हसली. तेव्हा ती हसत होती, याची माझ्याकडे नोंद आहे.

पाचवा अहवाल निरंक गेला. सहाव्या आठवड्यात शुक्रवारीच मोठ्या बाईंचा निरोप आला, शनिवारी त्यांना बाहेर जायचे आहे, तेव्हा अहवाल आजच हवा. मी म्हटले, आठवडा अजून संपलेला नाही. त्या म्हणाल्या, "तुमच्या मुली आता काय करणार आहेत? पुतळे परवडले. द्या लिहून." मी शाईने 'निरंक' लिहिले, त्यांनी सही केली, मी माझी प्रत पर्समध्ये ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा मी वाचन घेण्याआधी नोंद केली होती. पण माझी समजूत अशी, की नोंद आधी झाली म्हणून ती खोटी ठरत नाही. वाचन नंतर तिच्याशी जुळले, तर ती खरीच.

सामना दुसऱ्या शाळेत होता. आमच्या मुली उंचीच्या क्रमाने, दोन हातांचे अंतर राखून मैदानात गेल्या. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. समोरच्या संघातल्या मुली एकमेकींच्या खांद्यावर बुक्के मारत आल्या. त्यांच्या एकीची नाडी सुटलेली होती, हे माझ्या लगेच लक्षात आले. पलीकडे खुर्चीवर गळ्यात ओळखपत्र आणि मांडीवर कागद घेतलेल्या एक बाई बसल्या होत्या.

पंचांनी चेंडू वर उडवला. खांबने उडी मारली. साडेचार आठवड्यांनी तिचा हात चेंडूला लागला आणि समोरच्या मुलीच्या हातापेक्षा चांगला वीतभर वर लागला. निवड समितीच्या बाईंनी पेन उघडले.

इथपर्यंत लेखी सूट होती. पुढे नव्हती. चेंडू छातीशी धरून खांब उभी राहिली. पळायचे नाही, चेंडू आपटायचा नाही. तिने तो शेजारच्या मुलीला दोन्ही हातांनी दिला. शेजारचीने घेतला आणि पुढचीला दिला. चौथीपर्यंत पोचल्यावर समोरच्या संघाच्या एका मुलीने तो काढून घेतला. आमच्या मुलीने तिला जायला वाट करून दिली.

मध्यंतरापर्यंत अडतीस-शून्य झाले. पंच माझ्याजवळ आले.

"मॅडम, मुलींना बरं वाटत नाहीये का?"

"उत्तम आहे प्रकृती."

"नाही, एकही फाउल नाही म्हणून विचारलं. मी वीस वर्षं पंच आहे. असं कधी पाहिलं नाही." त्यांच्या आवाजात आदर होता की काळजी, हे मला ठरवता आले नाही. मी आदर असे लिहून घेतले.

मुली बाकाशी रांगेत बसून पाणी पीत होत्या. खांब उठून माझ्यापुढे उभी राहिली.

"मॅडम, एक विचारू?"

"विचार."

"दुसऱ्या डावात पळू का?"

"खेळ माझ्या कक्षेत..."

"खेळाचं नाही विचारत. पळण्याचं विचारतेय. ते तुम्हीच बंद केलंय, तर तुम्हीच सुरू करू शकता."

"मॅडम, इथे तर एकही भिंत नाही," वकील मागून म्हणाली. "छप्परसुद्धा नाही. वर आभाळ आहे, बघा. हे कशातच बसत नाही."

मी वर पाहिले. खरोखर आभाळ होते. कायद्याने त्यांची बाजू बरोबर होती आणि माझ्या तोंडात 'पळा' हा शब्द तयार होता. तेवढ्यात हात पर्सला लागला. आत घडी केलेली प्रत होती. मुली एकदा पळाल्या की ओरडणार, हिसकावणार, कोणाची तरी नाडी सुटणार, आणि त्या सही झालेल्या कागदावरचा माझा शब्द एक वाजायच्या आत खोटा ठरणार. एकोणीस वर्षांत मी एकही खोटी नोंद केली नव्हती.

"एवढा सामना होऊ दे," मी म्हणाले. "सोमवारी चेंडू मिळतील. चारही अहवाल पूर्ण होतात."

"सामना झाल्यावर," खांब म्हणाली.

"हो."

तिला माझ्या तोंडाकडे पाहायचे तर बरीच मान वाकवावी लागते. तिने ती वाकवली आणि थोडा वेळ पाहिले.

"बरं, मॅडम."

वकिलीणबाई काहीच बोलल्या नाहीत. अख्ख्या सहा आठवड्यांत पहिल्यांदाच.

चौऱ्याहत्तर-शून्य. एकही फाउल नाही, एकही ओरडणे नाही, नात्याने हाक नाही. मी घड्याळ पाहिले, एकाला वीस मिनिटे कमी होती. माझी नोंद खरी ठरली होती. निवड समितीच्या बाई जाताना माझ्याजवळ थांबल्या.

"ती उंच मुलगी तुमची का?"

"माझीच. म्हणजे संघातली."

"पहिली उडी सुंदर घेतली. त्यासाठी शेवटपर्यंत बसले. पण पुढे तिने काही केलं नाही हो. मी लिहू काय?" त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. खांबच्या क्रमांकापुढे 'विशेष नोंद' असा रकाना होता आणि त्यात त्यांनी एक आडवी रेघ ओढलेली होती. आमच्या कार्यालयात त्या रेघेला काय म्हणतात, ते मला चांगले ठाऊक होते.

बक्षीस समारंभात आम्हाला सर्वांत शिस्तबद्ध संघाचा करंडक मिळाला. तो जिंकलेल्या संघाच्या करंडकापेक्षा चार बोटे उंच होता. घरी पोचते तोच ताईचा फोन आला.

"काय झालं गं?"

"करंडक मिळाला. शिस्तीचा."

"अगंबाई, छान. आणि तिचं?"

 मला खोटे बोलता येत नाही आणि खरे त्या वेळी सुचत नव्हते. "तुझ्या हाताखाली आहे म्हणून मी निर्धास्त होते," ताई म्हणाली. ती मला बोल लावत नव्हती. तिला खरेच तसे वाटत होते, आणि फोन ठेवल्यावर माझ्यापाशी तेवढेच वाक्य राहिले.

सोमवारी मामांनी कपाट उघडले. महिनाभरात सहाही गोल वस्तूंमधली हवा गेली होती आणि त्या आता तितक्याशा गोल राहिल्या नव्हत्या. मुलींनी त्या रांगेत उभे राहून घेतल्या, थोडा वेळ हातात धरल्या आणि रांगेतच परत केल्या. कोणी पंप मागितला नाही.

सर दहाव्या आठवड्यात काठी टेकत कामावर आले. तोवर पुढील आदेश निघाला होता. मला प्रशिक्षक म्हणून कायम करण्यात आले होते. भौतिकशास्त्राच्या प्रयोगांची जागा त्यामुळे रिकामी झाली, तिथे हंगामी म्हणून सरांची नेमणूक झाली. सर म्हणाले, माझा त्या विषयाशी काय संबंध? मोठ्या बाईंनी फाइल उघडली आणि व्हरांड्यातल्या अपघाताचा कागद दाखवला. गुरुत्वाकर्षणाशी पूर्वीचा संबंध आहे.

खांब अजूनही दर रविवारी येते, कधी चुकवत नाही. सामन्यानंतरच्या पहिल्या रविवारी दार उघडेच होते. ती बाहेर उंबऱ्याशी दोन्ही पाय जोडून थांबली.

"आत येऊ का, मॅडम?"

"अगं, हे घर आहे. इथे मावशी म्हण."

"हो, मॅडम. तुम्हाला वेळ आहे ना?"

तिने गणिते सोडवली. सगळी बरोबर आली. टेबलाखालून काहीच आवाज येत नव्हता. मी दोनदा वाकून पाहिले.

आता शेवटचे. करंडकाची बातमी पसरल्यापासून शाळेत प्रवेशासाठी पालकांची रीघ लागली आहे. मोठ्या बाई त्यांना आधी कोर्टवर आणतात. पालक उघड्या बाजूला उभे राहतात आणि पाहतात, बारा मुली उंचीच्या क्रमाने, दोन हातांचे अंतर राखून उभ्या. पालक हळू आवाजात एकमेकांना म्हणतात, "बघ, बघ. नाहीतर आपली." मग ते जागा किती आहेत ते विचारतात. संघ जिंकतो का, हे एकदोघांनी विचारले. चेंडू कुठे आहे, हे अजून कोणी विचारलेले नाही. मी वाट पाहते आहे. खोटे बोलता येत नसल्यामुळे कोणी विचारले तर मला सांगावेच लागेल.

प्रवेश अर्जाच्या शेवटच्या पानावर मी आग्रहाने एक रकाना घालून घेतला आहे, 'पालकांच्या शंका व हरकती'. त्याखाली अर्धे पान कोरे सोडले आहे. आजवर तीनशे सहा अर्ज आले आणि सगळे मी स्वतः तपासते. तुमचाही मिळाला. फोटो चिकटवलेला आहे, सह्या दोन्ही पालकांच्या आहेत, आणि शेवटचा रकाना तुम्ही कोरा ठेवलेला नाही. एकच शब्द आहे, सुवाच्य अक्षरात, शाईने.